सुई आणि सावली

सुई लाल पट्टीला टेकायला केसभर अंतर उरलं होतं. ऋचा ट्रेलरमध्ये गुडघ्यांवर बसून बॅटरीचं मीटर बघत होती आणि बाहेर मुकुंदराव जीपची किल्ली बोटाभोवती फिरवत होते.

"सुई लाल झाली की निघायचं, असं ठरलंय," ते म्हणाले. "आईचं इन्सुलिन खराब झालं तर तुझं फिजिक्स कामाला येणार नाही."

"लाल होणार नाही, बाबा."

इंजेक्शनं सुरू झाल्यापासून तिची आई सुलभाताई काचीगुड्याचं घर सोडून एक रात्रही बाहेर राहिल्या नव्हत्या. औषधाला फ्रिज हवा. उदगीरला थोरल्या भावाकडे महालक्ष्म्यांना मुकुंदराव दरवर्षी एकटेच जात. म्हणून ऋचाने आपल्या नव्या परदेशी कंपनीतल्या साहेबांकडून हा ट्रेलर मागून आणला होता. जीपमागे जोडायची एक खोलीच ती. आत पलंग, दिवा आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज. गंडीपेटच्या तळ्याकाठी आईला दोन दिवस ठेवायचंच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पण मे महिन्याचं ऊन भारी पडत होतं. ऋचाने पंखा बंद केला. दिवा बंद, पाण्याचा पंप बंद. फ्रिजमागची जाळी उघडून वाऱ्याला वाट करून दिली. शेवटी वडिलांचा रेडिओही काढून घेतला.

"हौ, घ्या! मॅच रंगात आल्यावरच घ्या," मुकुंदराव कुरकुरले. "एम. एस्सी. कशाला केलं, तर बापाचा रेडिओ बंद करायला."

तरी सुई उतरतच होती. ऋचाने दात-ओठ खात जीप पुढे घ्यायला लावली आणि अख्खा ट्रेलर चिंचेच्या सावलीत आणला. परत येऊन पाहते तर सुई चक्क वर सरकलेली! सावलीने काम केलं होतं. मुकुंदराव हरल्यासारखे तळ्याकडे निघून गेले.

फ्रिज किती गार आहे ते बघावं म्हणून तिने दार उघडलं. आत अंधार. हवा कोमट. बटण बंद होतं, आणि इन्सुलिनची बाटली जागेवर नव्हती.

"आई!"

सुलभाताई चिंचेच्या बुंध्याशी बसल्या होत्या. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं. त्यांनी झाकण काढून दाखवलं. आतल्या पाण्यात स्टीलची घट्ट डबी तरंगत होती.

"तुझी सुई पडताना बघवेना, म्हणून फ्रिज मीच बंद केला. घरी वीज गेली की अशीच ठेवते मी. डॉक्टरांना विचारून."

ऋचाने पर्समधला थर्मामीटर पाण्यात बुडवला. दोनदा पाहिलं. औषधाला कसलाही धोका नव्हता. ती हसली आणि मग एकदम थांबली.

"म्हणजे फ्रिज नसला तरी चालतं? मग उदगीरला तू इतकी वर्षं..."

"हल्लू बोल." सुलभाताईंनी तळ्याकडे पाहिलं. "पन्नास पानांचं पुरण वाटायचं, सोळा भाज्या करायच्या. पाहुणे गेले की भांडी. तिथे गेले की चुलीपुढून उठणं नाही. इथे बघ, सकाळपासून नुसती पाण्याकडे बघत बसलेय."

मुकुंदराव काठावरून परत येत होते. सुलभाताईंनी मडक्यावर पदर टाकला. लेकीकडे बघितलं. ऋचा पटकन ट्रेलरमध्ये शिरली.

"काय गं, पुरेल का बॅटरी?" मुकुंदरावांनी दारातूनच विचारलं. "की काढू जीप?"

प्रयोगशाळेत ऋचाने एक आकडाही कधी मनाने लिहिला नव्हता.

"पुरेल," ती म्हणाली. "पण फ्रिजशिवाय आईचं पान हलणार नाही, बाबा."

आणि बंद फ्रिजच्या दाराला पाठ लावून ती घट्ट उभी राहिली.