आयरिसमधली अळी

अमेरिकेतल्या मिनेसोटाची कडाक्याची थंडी सोसून तगलेली आयरिसची, जांभळ्या फुलांची रोपं जुलैत पिवळी पडली. मृदुलाने डबक्याकाठच्या चिखलात हात घातला, तसा कंद बोटांतच फुटला. मेलेल्या उंदरासारखा वास आला आणि त्या लगद्यातून एक गुबगुबीत गुलाबी अळी तिच्या तळव्यावर वळवळली. तिने हात झटकला आणि तिथेच ओकली.

"उपटून टाक सगळं," नवरा दारातून नाक मुरडत म्हणाला. "दुकानात नवी मिळतात."

शेजारच्या हेलनने मरणाआधीच्या उन्हाळ्यात थरथरत्या हातांनी ही रोपं तिला लावून दिली होती.

"नवी नकोत मला," मृदुला म्हणाली.

तिने तोंड पुसलं आणि चिखलात पडलेली अळी अंगठ्याखाली चिरडली. किळस तसूभरही कमी झाली नाही. तरी पुढच्या रोपातली अळी शोधायला तिने त्याच्या कंदात बोट घातलं.