दोन कोलनमधली जागा

कमांड दिली की मशीन तिचा प्रोग्राम एका ठरलेल्या यादीतल्या पत्त्यांवर ओळीने शोधतं. दोन पत्त्यांच्या मध्ये कोलन, म्हणजे दोन टिंबांचं चिन्ह. दोन कोलनमध्ये काहीच नसलं, तर मशीन धरून चालतं की इथेच शोधायचं, जिथे बसलोय तिथे.

अशी एक रिकामी जागा सर्व्हर सांभाळणारी बाई रोज सकाळी पुसून टाकायची. दुसऱ्या सकाळी ती जागा परत आलेली असायची, यादीच्या सुरुवातीकडे एक घर सरकून.

"असू दे ना, ताई. काय बिघडतंय?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला.

"माझ्या यादीत न विचारता कोणी घुसायचं नाही."

आज ती जागा यादीत सगळ्यात पहिली होती; म्हणजे मशीन आधी इथेच शोधणार. सहकारी जेवायला गेलेला, खोलीत ती एकटीच. पुसण्याआधी तिने मुद्दाम कमांड दिली: या मशीनवर कोण बसलंय ते सांग. बघूच कोण बोलतंय ते.

पडदा कोराच राहिला. उत्तर मानेमागून आलं, तिच्याच आवाजात.

"आपण दोघी."

ती वळली नाही. "खुर्ची एकच आहे," म्हणत तिने पाय रोवले आणि खुर्ची जोरात मागे रेटली.

खुर्ची कशाला तरी टेकली. मग तितक्याच जोराने कोणीतरी ती पुढे रेटली.