कागदावरची तारीख

“जन्मतारीख?” गवतावर गुडघे टेकून डॉक्टरांनी विचारलं.

“चौदा ऑक्टोबर,” कनेझा म्हणाली.

डॉक्टरांनी हातातलं कार्ड पाहिलं. कार्डावर एक जानेवारी होती.

मैदान कुठलं, ते तिनं बरोबर सांगितलं होतं. कॅनडातलं सास्काटून. गुण किती झाले, तेही. शुद्ध तपासायच्या प्रश्नांत नेमकी जन्मतारीखच चुकली, आणि चुकलं की खेळाडू बाहेर. दोन मिनिटांपूर्वी समोरच्या धिप्पाड पोरीला आडवं करताना तिचं डोकं त्या पोरीच्या गुडघ्यावर आपटलं होतं. सामना संपायला दहा मिनिटं उरली होती. देशाच्या रग्बी संघासाठी मुली निवडणारे दोघं वर प्रेक्षकांत वही उघडून बसले होते. ते आले होते कनेझासाठीच.

“अहो, ठीक आहे ती!” कप्तान टेरिन मध्येच बोलली. “तिच्या डोक्याला काय होतंय? त्या बिचारीचा गुडघा तपासा आधी.”

पोरी हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. कनेझाला अजून अठरा वर्षं पुरी झाली नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या आईला खाली बोलावलं.

वाऱ्यानं उडणारं खांद्यावरचं वस्त्र सावरत स्कोलास्तिक धावतच आली. डॉक्टरांनी तिला कार्डावरची तारीख दाखवली आणि पोरीनं सांगितलेलीही ऐकवली.

तारीख पोरीचीच खरी होती. बुरुंडीतून पळून स्कोलास्तिक टांझानियातल्या निर्वासितांच्या छावणीत आली, तेव्हा कनेझा पोटात होती. पुढं कारकुनानं अख्ख्या रांगेला एकच तारीख लिहून टाकली, एक जानेवारी. इथं आल्यावर बँकेच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा घरातल्या पाचही जणांना एकाच दिवशी यायच्या आणि पोरं पोट धरधरून हसायची. पण साहेबापुढं कागदाबाहेरचा शब्द काढायचा नाही, हा घरचा नियम. शेजारच्या तंबूतल्या बाईनं एकदा खरी तारीख सांगितली होती, तर तिची परदेशी जायची फाईल तीन वर्षं मागं गेली. खरी तारीख उरली ती फक्त अंगाईत. पोरीला मांडीवर घेऊन स्कोलास्तिक गायची:

रांग पिठाची लांबली, माझा नंबर आला आला,
चौदाव्या ऑक्टोबराला, तूच मधी घुसली बाळा.

“आई, सांग ना यांना!” कनेझानं तिचा हात धरला. घरच्या भाषेत, भराभर बोलत होती. “माझा दिवस तुला ठाऊक नाही होय? ते दोघं बघ, माझ्यासाठी आलेत. आज नाही खेळले तर परत कोण विचारणार आहे मला? कागदाला नको गं भिऊस आता!”

सरावासाठी गुडघाभर बर्फात एकटी धावणारी पोर स्कोलास्तिकला आठवली. पोरीच्या मानेवरचे, दंडावरचे काळेनिळे डाग आठवले, ज्यांवर तिनं रोज तेल चोळलं होतं. बास झालं भिणं. कागद खोटा आहे, असं आज साहेबाच्या तोंडावर सांगायचं. तिनं पाठ ताठ केली आणि डॉक्टरांकडं वळली.

“आणि बाबांनाही बोलव की खाली,” कनेझा हसून म्हणाली. “तुझ्या शेजारीच तर बसलेत. कधीचे हात हलवतायत मला.”

स्कोलास्तिकनं वर पाहिलं नाही.

“काय म्हणतेय ती?” डॉक्टरांनी विचारलं.

“कागद खरा,” स्कोलास्तिक म्हणाली. “तारीख तिचीच चुकली. बाहेर काढा तिला. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता.”

“आई!” कनेझा किंचाळली. “भित्री कुठली! खोटारडी!”

स्ट्रेचर निघालं. वर निवडणाऱ्यांनी वही मिटली. स्कोलास्तिक पोरीच्या कपाळावर हात ठेवून शेजारून चालत राहिली. पोरगी तो हात झटकून टाकत होती, ती पुन्हा ठेवत होती.

नऊ वर्षांपूर्वी ज्याला छावणीच्या तांबड्या मातीत ठेवून ती चार लेकरांनिशी विमानात बसली, त्याच्या मरणाची बातमी पोरीला आज पुन्हा पहिल्यांदा ऐकवायची, त्यापेक्षा खोटारडी म्हणवून घेणं बरं होतं.