पाठमोरी आई

सोलापूरच्या गिरणीत तीस वर्षं काढून मुक्ताबाई प्रौढ शिक्षण वर्गात अक्षरं शिकल्या आणि लेकीच्या, शालनच्या ट्रंकेतली मुलांची कादंबरी बोट ठेवून ठेवून त्यांनी संपवली. मग ती शालनपुढं आपटली.

“पोरगी ब्येस हाय. बोर्डिंगात जाती, शानी हुती. पन तिची आई? गाडी हलायच्या आदीच पाठ फिरवून गेली म्हनं! दगडाच्या काळजाची म्हनं! लिवनारीला अक्कल हाय का?”

“गोष्ट आहे गं, आई.”

“गोष्ट म्हून काय बी लिवायचं व्हय? गिरनीचा भोंगा झालता, ते कुटं लिवलंय? गेट बंद झालं तर नाव कापत्यात. मंग पोरगी शिकली असती कशावर? आन् निघत्या लेकरापुढं डोळ्यात पानी आनू न्हाय, म्हून तोंड फिरवलं तिनं. एवढं बी कळंना?”

कादंबरीतली आई शेतात राबणारी होती. गिरणी, भोंगा त्यात कुठंच नव्हता. शालननं हळूच कव्हरावर छापलेल्या स्वतःच्या नावावर हात ठेवला.

“काढ त्यो हात,” मुक्ताबाई खेकसल्या. “तेवढं नाव वाचायलाच तर वर्गाला गेले मी.”