हुबेहूब

अपघातातून शिंप्याची बायको वाचली, पण डोक्याला मार बसल्यापासून ती त्याला नवरा मानेना. "हुबेहूब ह्यांच्यासारखे दिसता, पण ते तुम्ही नव्हे," म्हणायची. डॉक्टर म्हणाले, "त्यांना चेहरा ओळखू येतो, पण तो पाहून माया दाटून येत नाही. म्हणून मेंदू ठरवतो, हा तोतया आहे. नुसता आवाज ऐकून माया जागी होण्याची वाट मात्र शाबूत असेल." संध्याकाळी शिंप्याने गॅलरीतून तिला फोन लावला. "अहो, कुठे आहात तुम्ही?" तिला रडू फुटलं. "घरात कुणी परका माणूस राहतोय. स्वभावाने बरा आहे, पण मला तुम्ही हवे आहात." "दारातच आहे. डोळे मीट, आलोच." तो बोलत बोलत आत आला. तिने चाचपत त्याचा हात धरला आणि सुईने घट्टे पडलेली बोटं गालाशी नेली. "आता उघडू डोळे?" शिंपी म्हणाला, "इतक्यात नको."