कच्चा आवाज

"अगं, मी आयुष्यात कधी सावकाश बोलले नाही. साठ पोरांच्या वर्गात सावकाश बोललं तर पोरं खिडकीतून पसार होतात," काचेपलीकडून आई म्हणाली.

"कासव आहेस तू, आई. सावकाश," ऋतिकाने बटण दाबून सांगितलं.

तिच्या शेजारी हेडफोन लावून बसलेला शहाबाज हसला. रेकॉर्डिंग तो सांभाळायचा.

चिंधूवाडी म्हणजे एका कंपनीची कापडी खेळणी. ससा, खार, कावळा आणि पाठीवर गोधडीचं कवच असलेली कासवमावशी. त्यांच्यावरचा ॲनिमेशनचा सिनेमा हडपसरच्या या स्टुडिओत तयार होत होता आणि ऋतिका त्याची दिग्दर्शक होती. चित्रं हलायची तर आधी संवाद हवेत. त्यासाठी कुणाचा तरी कच्चा आवाज भरून घेतात. पक्का आवाज नंतर नट-नट्या देतात आणि कच्चा पुसला जातो. कासवमावशीसाठी मुंबईची एक नटी ठरली होती.

आईला हे सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे ऋतिकाने सांगितलं नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आई इतक्या हौसेने कुठे गेली नव्हती. आठवड्यातून दोनदा वारज्याहून बस बदलून यायची. शहाबाजसाठी वेगळ्या डब्यात धपाटे आणायची. सोसायटीत मात्र तिने याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. ऋतिकाला ते बरंच वाटलं होतं.

त्या गुरुवारी शेवटचा प्रसंग होता. सशाचं पिल्लू मागे पडतं आणि कासवमावशी त्याला हाक मारते.

"तू ये हळूहळू. मी आहे इथेच."

आईने वाक्य म्हटलं. शहाबाजने मान वर करून ऋतिकाकडे पाहिलं.

"कसं झालं गं?" आईने विचारलं.

कुणाचं काम मनासारखं झालं की ऋतिका दोनच शब्द बोलायची, "हेच ठेवू." सगळा स्टुडिओ त्या दोन शब्दांची वाट पाहायचा. आता ते ओठांवर आले आणि तिथेच थांबले. जे ठेवायचंच नाही त्याला ठेवू कसं म्हणायचं? त्यातून त्यांच्या घरात कौतुक लोणच्यासारखं, पानात डावीकडे, बोटभर. लहानपणी तिच्या चित्रावर आईने कधी 'बरं आहे'च्या वर शेरा दिला नव्हता.

मोबाइल वाजला नव्हता. तरी तो कानाला लावून ऋतिका बाहेर गेली.

परत आली तेव्हा आई पर्स आवरत होती.

"झालं ना माझं काम? मग निघते. उशीर झाला की बसमध्ये उभं राहावं लागतं."

"झालं," ऋतिका म्हणाली.

रविवारी सकाळी आईने चहाचं आधण ठेवलं आणि खुर्चीत टेकली. आधण आटून गेलं तरी ती उठली नाही.

आई गेल्यावर दीड महिन्याने कंपनीने चिंधूवाडी बंद केली. खेळणी खपत नव्हती. ज्या खेळण्यांना दुकानात जागा नाही, त्यांचा सिनेमा कशाला, असं कुणीतरी बैठकीत म्हणालं आणि अडीच वर्षांचं काम थांबलं. करारात लिहिलं होतं, चित्रं, आवाज, सगळं पुसायचं आणि पुसल्याचं लेखी कळवायचं.

ऋतिका एकेक फाइल पुसत गेली. ससा गेला. खार गेली. कावळा गेला. कासवमावशीपाशी तिचा हात थांबला.

"शेवटचा प्रसंग ऐक," शहाबाज म्हणाला. "मधलं काही मी कापलेलं नाही."

"नको रे."

"ऐक. तुला सांगायचं नाही म्हणून काकूंनी मला शपथ घातली होती. आता सिनेमाच राहिला नाही, तर शपथ कसली?"

हेडफोन तिच्यापुढे ठेवून तो बाहेर गेला.

तू ये हळूहळू. मी आहे इथेच. मग आईचा प्रश्न. कसं झालं गं? मग नुसती शांतता. कागद हलल्याचा आवाज, आईचा श्वास. बराच वेळ.

"गेली वाटतं," आई म्हणाली. "शहाबाज, ती तुमची मुंबईची नटी येईल ना, तिला एक सांगशील? कासव दमलंय म्हणून हळू चालत नाही. मागे राहिलेल्याला गाठता यावं म्हणून हळू चालतं. तसं म्हण म्हणावं."

शहाबाज काहीतरी म्हणाला असावा. ते ऐकू आलं नाही.

"मला? मला पहिल्याच दिवशी कळलं की. तूच नाही का, कच्चा आवाज, कच्चा आवाज करत होतास? मास्तरीण आहे मी. कच्ची वही शेवटी कुठे जाते ते मला सांगू नकोस." आई हसली. "पण तिला बोलायचं नाही हं. शपथ आहे तुला. उगाच अवघडेल आणि मला बोलवायचं बंद करेल. काचेआडून का होईना, आठवड्यातून दोन दिवस लेक समोर बसून माझं ऐकते."

फाइल संपली.

ऋतिकाने हेडफोन काढला. काचेपलीकडे दिवा बंद होता. खुर्ची होती तिथेच होती. तिने फाइल मागे नेली आणि या वेळी समोरच्या स्पीकरवर लावली.

"कसं झालं गं?"

शांतता सुरू झाली. ऋतिकाने पलीकडे बोलायचं बटण दाबलं.

"छान झालं, आई," ती म्हणाली. "हेच ठेवू."