चार पट्ट्यांचा मासा

बरण्या चोवीस होत्या. त्यांतल्या तेवीस बरण्यांमधलं स्पिरिट खाली गेलं होतं. कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. सरड्याचं डोकं उघडं पडलं होतं आणि विंचवाची नांगी वाळून करकरीत झाली होती. चोविसावी बरणी त्याच दुपारी आली होती, म्हणून तेवढी काठोकाठ भरलेली होती.

सत्यशीलानं मोजपट्टी टेबलावर ठेवली. परभणीच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होऊन तिला चार महिने झाले होते.

"झाकणं घट्ट आहेत, सर. व्हॅसलीन मीच लावलंय. इतकं उडून जाणार नाही."

"उडून नाही गं, पोटात गेलंय," विभागप्रमुख दिनकरराव म्हणाले. वेलदोड्याची डबी त्यांनी तिच्यापुढे धरली. "किल्ली खिळ्यावर. संग्रहालय झाडायला आत जातो तो शिपाई, सटवाजी. हात कापतात त्याचे, बघितलंस ना? प्राचार्य त्याला काढायचं म्हणतायत. पेन्शनला दोन वर्षं राहिली असताना."

सत्यशीलाला ते ऐकवेना. ती पाथरीहून रुजू व्हायला आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये तिला आडनाव दोनदा विचारलं गेलं होतं. सटवाजीनं फक्त डबा आणलाय का, एवढंच विचारलं, आणि फडक्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे ठेवली. वर जवसाची चटणी. "आमच्या मनकर्णेच्या हातची हाय बाई. पानी जवळ घिऊन बसा."

तेव्हापासून ती त्याला मामा म्हणत होती.

तिनं प्राचार्यांकडून आठ दिवस मागून घेतले. घट थांबली तर सटवाजी राहील, असं ठरलं.

घरी जाण्याआधी ती चोविसाव्या बरणीपुढे उभी राहिली. तिचा भाऊ बन्सीधर मिनिकॉय बेटावरच्या दीपगृहात नोकरीला होता. प्रवाळाच्या खडकांतला हा मासा त्यानंच पाठवला होता. बोटाएवढा, मोठ्या डोळ्यांचा, पाठीवर चार काळे पट्टे. पोहण्यात मंद, दात बारीक. तरी तो खडकाखडकांतून निवांत फिरतो, कारण त्याच्या कातडीत आणि काळजात जहर असतं. मोठा मासा एकदा त्याला तोंडात धरतो, थुंकून टाकतो आणि ते चार पट्टे जन्मभर लक्षात ठेवतो. त्याच खडकांत दुसऱ्याच कुळातला एक मासा राहतो. त्याच्यात जहर नाही. नुसते तसलेच पट्टे आहेत. त्यालाही कोणी हात लावत नाही.

हे आठवलं आणि तिला युक्ती सुचली. पण आधी भीती वाटली. मामांनी चुकून हीच बरणी तोंडाला लावली तर?

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या बरण्या खुणेपर्यंत भरल्या. काळ्या रंगानं प्रत्येकीवर चार पट्टे ओढले आणि दिनकररावांना गाठलं.

"सर, या माशाच्या जहराला उतारा नाही. त्याच्या बरणीतलं थोडं थोडं स्पिरिट मी सगळ्या बरण्यांत ओतलंय. आता एक घोटही कुणी घेऊ नये. मामांना तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोर माझ्यावर आळ घेतेय."

ओतलं काहीच नव्हतं. पण सर खोटं बोलायला अवघडतील, म्हणून तिनं त्यांनाही ते खरंच म्हणून सांगितलं.

दिनकररावांनी बरण्यांवरून नजर फिरवली. "सगळ्या?"

"सगळ्या."

"पोरी, फार पुढचा विचार करतेस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगतो त्याला."

संध्याकाळी तिनं विचारलं.

"सांगितलं," ते म्हणाले. "मान खाली घालून ऐकलं बिचाऱ्यानं. आता तू हा विषय त्याच्याजवळ काढू नकोस. लाजेल."

तिनं काढला नाही. दोघं नेहमीसारखी बोलत राहिली.

"बाई, आज डबा उघडलाच न्हाई की तुमी. उपास हाय का?"

"भूक नाही, मामा."

"आमची बाई पाखरावानी खायलीय. लगीन झाल्यावर नवऱ्याला म्हनंल, मला दोन दानं टाका."

ती हसली. त्याच्या डोळ्याला मात्र डोळा देववेना.

त्या आठवड्यात दिनकररावांची तब्येत बिघडली. डोकं धरून बसायचे, घाम फुटायचा, फळ्यावर बेडूक काढताना रेघ वाकडी जायची. सटवाजीनं घरून गवती चहाचा काढा आणला आणि त्यांना बळंच पाजला.

"हिवताप भरलाय सायबाला. मलाबी दर साली धरतो. माजं हात बघा की, अजून थरथर कापत्यात."

आठ दिवस भरले. प्राचार्यांनी आकडे मागवले. सत्यशीला मोजपट्टी घेऊन संग्रहालयात गेली. सटवाजी फडक्यानं चोविसावी बरणी पुसत होता. त्यानं ती उजेडात धरली आणि मायेनं न्याहाळली.

"लय गोजिरी मासळी हाय बाई. एवढीशीच हाय, पन कालवनात टाकली तर झ्याक लागंल, न्हाई?"

सत्यशीलानं बरणी त्याच्या हातातून काढून घेतली. "मामा, असं बोलू नका. जहरी आहे ती."

"आगं माय!" सटवाजीनं हात धोतराला पुसले. "आन मी रोज पुसायलोय तिला. आदी सांगायचं न्हाई का?"

"सरांनी सांगितलं ना तुम्हाला? मागच्या आठवड्यात?"

"सायबानं? न्हाई बा. मला कुनीच काय सांगितलं न्हाई."

तिनं पहिल्या बरणीला मोजपट्टी लावली. मग दुसरीला. एक एक करत शेवटच्या बरणीपर्यंत आली.

स्पिरिटची घट, सर्व बरण्यांत: शून्य मिलिमीटर.